हापूस गोड असतो, पण हा आहे का?

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मी हापूसची पेटी घेतली. आंबेवाल्याला विचारलं, "गोड आहे ना?" तो म्हणाला, "हापूस गोडच असतो हो." घरी येऊन पहिला आंबा कापला तर आंबट. दुसऱ्यात साका. तिसरा बरा होता. दोन दिवसांनी तक्रार घेऊन गेलो, तर गडी जराही डगमगला नाही. "आढीत नीट पिकला नसेल. बाकी हापूस गोडच असतो."

मी विचारलं होतं "आहे का", त्याने उत्तर दिलं होतं "असतो". एका क्रियापदाच्या फरकावर माणूस सुटला. माझे दोन आंबे वाईट निघाले तरी त्याचं वाक्य खोटं ठरलं नाही. अख्खी पेटी आंबट निघाली असती तरी ठरलं नसतं. मग ते खरं तरी कशाने ठरतं? किती आंबे गोड असले म्हणजे "हापूस गोड असतो" हे खरं?

अशा वाक्यांना इथे आपण सामान्य विधानं म्हणू. कावळे काळे असतात, मांजर उंदीर मारतं, कोकणात पाऊस फार पडतो. आपल्या बोलण्याचा केवढा तरी भाग अशा वाक्यांनी भरलेला असतो. (हेही त्यातलंच एक.) त्यात आकडा नसतो. सगळे, बहुतेक, काही, दहातले आठ, असं काहीच नाही. तरी ऐकणाऱ्याला काहीतरी पक्कं कळल्यासारखं वाटतं. नेमकं काय कळतं, यावर भाषेचे अभ्यासक आणि तत्त्वज्ञ गेली पन्नासेक वर्षं वाद घालताहेत.

आधी मराठीकडेच बघू, कारण मराठीने या बाबतीत आपल्याला एक चांगलं हत्यार दिलं आहे. "बाबा घरी आहेत" म्हणजे आत्ता. "बाबा संध्याकाळी घरी असतात" म्हणजे नेहमीची रीत. आज नेमके बाहेर गेले असले तरी वाक्य खोटं नाही. हाच फरक "हे कारलं कडू आहे" आणि "कारलं कडू असतं" यांत. "पृथ्वी गोल आहे" म्हणतो, "पृथ्वी गोल असते" म्हटलं तर कानाला खटकतं, कारण पृथ्वी एकच आहे. "ग्रह गोल असतात" मात्र चालतं. म्हणजे "असणे"च्या या रूपाला पुष्कळ उदाहरणं किंवा पुष्कळ प्रसंग लागतात, आणि त्यांतून दिसणारी एक रीत लागते. मी पोटापाण्यासाठी भाषांतरं तपासतो. "साप विषारी आहेत" असं वाक्य आलं की मूळ मजकूर इंग्रजी होता हे लगेच कळतं. इंग्रजीत "आहे" आणि "असतं" या दोन्हींना क्रियापद एकच, त्यामुळे घाईतला भाषांतरकार आणि यंत्र दोघेही तिथे घसरतात.

गंमत म्हणजे "आहे" अगदी वर्ज्यही नाही. "वाघ हा मांसाहारी प्राणी आहे" हे पाठ्यपुस्तकी वाक्य बघा. त्यातला "हा" कुठल्याच वाघाकडे बोट दाखवत नाही. ते वाक्य वाघ कशाला म्हणायचं ते सांगतं, म्हणजे व्याख्येच्या जवळ जातं. "वाघ मांसाहारी असतो" हे वाघांबद्दलचं निरीक्षण वाटतं. कानाला सहज कळणारा हा फरक समजावून सांगायला गेलं की घाम फुटतो.

आता नामाकडे. "दारात कुत्रा आहे" यात कुठला तरी एक कुत्रा. "कुत्रा भुंकतोय, बघ जरा" यात आपल्या ओळखीचा, ठरावीक कुत्रा. "कुत्रा इमानी असतो" यात कुठलाच कुत्रा नाही, अख्खी जात. शब्द तोच, आणि अर्थ उरलेल्या वाक्यावरून ठरतो. अमेरिकेत ग्रेग कार्लसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७७ साली आपल्या प्रबंधात इंग्रजी अनेकवचनी नामांबद्दल असंच निरीक्षण मांडलं. त्यांचं म्हणणं असं की ही नामं मुळात जातीचं नाव असतात. एखाद्या माणसाचं जसं विशेषनाम, तसं त्या प्रकाराचं हे विशेषनाम. मग क्रियापद ठरवतं की गोष्ट जातीबद्दल आहे की तिच्या समोर दिसणाऱ्या एखाद्या नमुन्याबद्दल. हिंदीसारख्या भाषांत 'अ' आणि 'द'सारखी उपपदं नाहीत, तिथे हे कसं चालतं यावर वेनीता दयाल या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी बरंच काम केलं आहे. मराठीची गतही साधारण तीच.

जातीला स्वतंत्र वस्तू मानायची गरज का पडते, त्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. आता "नामशेष होणे" हे कुठल्याही एका चित्त्याला जमणारं काम नाही. एक चित्ता मरतो, त्याहून अधिक काही करू शकत नाही. नामशेष होते ती जात. मग १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले, आणि बातम्या आल्या की चित्ता भारतात परत आला. परत आला कोण? त्या आठांपैकी कुणीच आधी इथे आलेला नव्हता. वाक्याला अर्थ येतो तो कर्ता जात मानली तरच. आणि तिथेही वादाला जागा आहे. इथून गेलेला चित्ता आशियाई उपजातीचा होता, जी आता फक्त इराणात उरली आहे, आणि आलेला आफ्रिकी. उपजात मोजली तर "परत आला" चूक, जात मोजली तर बरोबर. बटाट्याचंही तसंच. "बटाटा आपल्याकडे परदेशातून आला" म्हटल्यावर तो बटाटा कुणी खाल्ला, असं कुणी विचारत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीचं सूत्रच आहे: "जात्याख्यायामेकस्मिन् बहुवचनमन्यतरस्याम्" (१.२.५८). जातीबद्दल बोलायचं असेल तर एकवचनाच्या जागी अनेकवचनही विकल्पाने चालतं, असा त्याचा अर्थ. पाणिनीच्या सूत्रांवरच्या काशिकावृत्ती या जुन्या टीकेत उदाहरण दिलंय तांदळाचं: "संपन्नो व्रीहिः" म्हणा की "संपन्ना व्रीहयः" म्हणा, दोन्ही चालेल. हे वाचलं आणि मला आईचं बोलणं आठवलं. ती "तांदूळ महाग झालाय" म्हणते आणि "तांदूळ निवडून ठेवलेत" असंही म्हणते. बाजारात तो एक असतो, ताटात येऊन पडला की अनेक. कावळा काळा असतो आणि कावळे काळे असतात, यांतही सूत्राने दिलेली तीच मोकळीक आहे.

पाणिनीच्या सूत्रांवरच्या पतंजलीच्या महाभाष्यात तर जुन्या वैयाकरणांचे दोन पक्षच आहेत. व्याडी म्हणतो शब्दाचा अर्थ म्हणजे समोरची व्यक्ती, वस्तू. वाजप्यायन म्हणतो अर्थ म्हणजे आकृती, जात. वाजप्यायनाच्या बाजूने दिलेला एक युक्तिवाद मला फार आवडतो. "सुरा पिऊ नये" या नियमात सुरा म्हणजे एकच कुठली तरी सुरा असेल, तर तेवढी एक सोडली की नियम पाळला गेला. बाकीची प्यायला मोकळे.

बरं, जात तर जात. पण जातीला गोडवा कसा चिकटतो? चव लागते ती एकेका आंब्याला. इथून खरी अडचण सुरू होते.

पहिलं सुचणारं उत्तर असं की मनातल्या मनात "बहुतेक" हा शब्द घालायचा. हापूस गोड असतो म्हणजे बहुतेक हापूस गोड असतात. हे उत्तर इतकं पटण्यासारखं आहे की ते मोडतं कुठे ते सावकाश बघायला हवं.

"गाय दूध देते" घ्या. गोठ्यात मोजायला बसा. कालवडी देत नाहीत, भाकड गायी देत नाहीत, पहिल्यांदाच गाभण असलेली देत नाही. एखाद्या गोठ्यात त्या दिवशी धारेला असलेली गाय अल्पमतात असू शकते. तरी वाक्याला धक्का लागत नाही. उलट "भाकड" असा वेगळा शब्द भाषेने ठेवला आहे, जणू दूध न देणाऱ्या गायीलाच खुलासा द्यावा लागतो.

दुसरं, कासव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते बघायला लोक लांबून येतात. त्या पिल्लांपैकी मोठी होतात ती फार थोडी. हजारात एखादं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. बाकीची मासे, पक्षी, खेकडे फस्त करतात. म्हणजे जन्मलेलं बहुतेक कासव अल्पायुषी ठरतं. तरी "कासव दीर्घायुषी असतं" असंच आपण म्हणतो आणि ते चूक वाटत नाही.

आता उलटी बाजू. मधमाश्यांच्या पोळ्यात राणी एक, नर काहीशे, आणि बाकी हजारोंनी कामकरी माश्या, ज्या मादी असूनही स्वतः प्रजनन करत नाहीत. म्हणजे प्रचंड बहुमत वांझ माश्यांचं. तरी "मधमाश्या वांझ असतात" हे वाक्य म्हणून बघा. चुकीचंच वाटतं. माणसांपैकी नव्वदेक टक्के उजव्या हाताने कामं करतात, पण "माणूस उजव्या हाताचा असतो" असं कुणी म्हणत नाही. बहुमत असून वाक्य पडतं, बहुमत नसून टिकतं. आणखी गंमत म्हणजे अंडी घालणारं प्रत्येक बदक मादीच असतं, म्हणजे माद्यांची संख्या अंडी घालणाऱ्यांहून कमी असूच शकत नाही. तरी "बदकं अंडी घालतात" चालतं आणि "बदकं मादी असतात" चालत नाही. आकड्यांनी हे सुटणार नाही, हे इथे पक्कं होतं. (मराठीत कोंबडी आणि कोंबडा, मोर आणि लांडोर असे वेगळे शब्द असल्याने काही कोडी आपोआप सुटतात. बदकाने मात्र घोळ घातला आहे.)

मग दुसरं उत्तर येतं: "बहुतेक" नको, "ठाकठीक वाढलेला, नेहमीसारखा" असं म्हणू. व्यवस्थित वाढलेली, व्यालेली गाय दूध देते. वाचलेलं कासव पुष्कळ जगतं. नीट पिकलेला हापूस गोड असतो. माझा आंबेवाला याच पंथाचा. व्याकरणाच्या अंगाने काहींनी असं मांडलं की अशा वाक्यात न उच्चारलेलं एक क्रियाविशेषण दडलेलं असतं, "सामान्यतः"च्या जवळपासचं. संगणकवाल्यांनाही हे लागलं. "पक्षी उडतात" हे यंत्राला शिकवलं आणि ट्विटी नावाचा पक्षी आहे असं सांगितलं, तर ते म्हणणार ट्विटी उडतो. मग सांगितलं की ट्विटी पेंग्विन आहे. आता आधीचा निष्कर्ष मागे घ्यायचा, पण "पक्षी उडतात" हे तसंच ठेवायचं. नेहमीच्या तर्कशास्त्रात मिळालेला निष्कर्ष नव्या माहितीने मागे घेता येत नाही. १९८० साली रेमंड रायटर यांनी त्यासाठी वेगळं तर्कशास्त्रच मांडलं.

पण "नेहमीसारखा"ही डासापुढे हरतो. "डास मलेरिया पसरवतात." २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाच्या परजीवीची खूण सापडली, तेव्हापासून हे वाक्य भिंतीभिंतींवर रंगवलेलं आहे. आता मोजा. नर डास रक्त पीतच नाही. डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती, त्यात मलेरिया फक्त ॲनोफिलीसच्या काही जातींची मादी पसरवते. तीही आधी एखाद्या मलेरियाच्या रोग्याला चावलेली असली तरच. ठाकठीक वाढलेला, नेहमीसारखा डास मलेरिया पसरवत नाही. तरी वाक्य खरं, आणि खोटं म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू.

सारा-जेन लेस्ली या तत्त्वज्ञ बाईंनी २००८ च्या आसपास यावर जे सांगितलं ते मला सगळ्यांत पटतं. त्यांच्या मते ही वाक्यं मोजणीची नाहीतच. मन मुळात ज्या तऱ्हेने जातींबद्दल अंदाज बांधतं, ती तऱ्हाच या वाक्यांत उतरते. प्राण्याबद्दल काही ठरावीक गोष्टी मन आधीपासून शोधत असतं: खातो काय, पिल्लं कशी होतात, आवाज कसा काढतो. त्या रकान्यात बसणारी माहिती मिळाली की थोडक्या उदाहरणांवर भागतं. म्हणून अंडी चालतात आणि मादीपण चालत नाही. आणि गोष्ट जिवावर बेतणारी असेल तर मन आणखी उतावीळ होतं. हजारातला एक डास मारक असेल तरी मन "डास" असंच लिहून ठेवतं, कारण सावध राहायचं असेल तर ते स्वस्तात पडतं.

लहान मुलांकडून याला दुजोरा मिळतो. "सगळे" आणि "काही" यांतला फरक तीन वर्षांच्या मुलांना नीट जमत नाही. प्रयोगात ती दोन्ही प्रश्नांना सामान्य विधानासारखीच उत्तरं देतात. म्हणजे तर्कशास्त्राला जे सोपं वाटतं ते मुलाला अवघड, आणि तत्त्वज्ञांना पन्नास वर्षं पुरलेलं वाक्य मूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सहज बोलतं. आमचा पुतण्या अडीच वर्षांचा असताना त्याला एका मांजरीने ओरबाडलं. एका मांजरीने, एकदा. त्या संध्याकाळी त्याने घरभर फिरून प्रत्येकाला सांगितलं, "माऊ बोचकते."

सावधपणाची किंमत कुणीतरी दुसरा भरतो. "साप विषारी असतात" हे वाक्य आपल्या हाडात आहे. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या विषारी साधारण साठेक. माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे. धामण बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारी, पण लांबलचक असते आणि झपकन पळते. आमच्या गावी एकदा परड्यात धामण निघाली. सर्पमित्राला फोन लावेपर्यंत शेजारच्या काकांनी काठीने तिचं काम तमाम केलं होतं. ती धामण आहे हे त्यांना माहीत होतं. "असेल धामण," ते म्हणाले, "पण सापच ना शेवटी."

आंद्रेई चिम्पियन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका बेटावरचे काल्पनिक प्राणी घेतले. काहींना सांगितलं, या प्राण्यांपैकी इतक्या टक्क्यांची लव चंदेरी आहे. तर "यांची लव चंदेरी असते" हे खरं मानाल का? लोक बऱ्यापैकी कमी टक्क्यांनाही हो म्हणाले, गुण धोक्याचा असेल तर आणखी कमीला. दुसऱ्यांना उलट विचारलं: "यांची लव चंदेरी असते" असं कळलं, तर किती जणांची असेल? उत्तर आलं, जवळजवळ सगळ्यांची. "बहुतेक" हा शब्द घालून विचारलं की ही तफावत राहत नाही. बोलणारा थोड्या पुराव्यावर वाक्य टाकतो, ऐकणारा त्यातून भरमसाट उचलतो, आणि तोच ऐकणारा उद्या बोलणारा होतो.

माणसांबद्दल बोलताना हे अधिक बोचतं. २०१२ साली मानसशास्त्रज्ञ मार्जोरी ऱ्होड्स, वर आलेल्या लेस्ली आणि त्यांच्या सहकारी यांनी झार्पी नावाच्या कल्पित लोकांचं चित्रपुस्तक केलं. त्यात सगळ्या रंगांची, वयांची बायकामाणसं होती, म्हणजे दिसण्यात समान काही नाही. काही मुलांना वाचून दाखवलं "झार्पी अमुक करतात", काहींना "हा झार्पी अमुक करतो". पहिल्या गटातली चार वर्षांची मुलं झार्पीपण हे जन्मजात, रक्तात असलेलं काही आहे असं मानायला लागली. मोठ्यांचंही तसंच झालं. मराठीत आंब्याची जात आणि माणसाची जात याला शब्द एकच, हे या प्रयोगासमोर ठेवून बघावं.

एक प्रकार अजून राहिला. "दिवेलागणीला केर काढत नाहीत," आजी म्हणायची. व्याकरणाने बघितलं तर हेही निरीक्षणच: लोक असं करत नाहीत. पण शेजारच्या काकू रोज त्याच वेळी केर काढतात हे दाखवलं तरी आजीचं वाक्य पडायचं नाही. रात्री नखं कापत नाहीत, पुरुष रडत नाहीत. रडणारा पुरुष समोर असताना त्यालाच हे सांगितलं जातं, म्हणजे वाक्य वर्णन करत नसून हुकूम सोडतंय हे उघड आहे. वर्णनाचा सदरा घातलेल्या हुकमाशी वाद घालणं फार कठीण, कारण सांगणारा काही सांगतच नसतो, फक्त "असं असतं" एवढंच म्हणतो.

आणि हे सगळं अबाधित ठेवायला मराठीकडे एक छोटं क्रियापद आहे, त्याच्याकडे माझं लक्ष त्या पेटीमुळे गेलं. आंबा आंबट निघाला. नारळ खवट निघाला. निघाला म्हणजे जातीकडून जी अपेक्षा होती ती या एकाने मोडली. जातीचं वाक्य जागच्या जागी, दोष किंवा श्रेय त्या एकट्याचं. परवा रेल्वेत समोरचे गृहस्थ त्यांच्या नव्या भाडेकरूबद्दल बायकोला फोनवर सांगत होते. आधी त्यांनी त्या लोकांबद्दल एक "असतात"वालं वाक्य टाकलं, ते इथे लिहीत नाही. मग म्हणाले, "पण हा मुलगा चांगला निघाला."